आधी खिडकीवरचा पुठ्ठा काढा, मग अण्णांच्या हाती मीटर द्या

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही मिरजेला राहतो. घरात सासू-सासरे, मी, माझे यजमान आणि अकरावीतला मुलगा. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. यंत्रातलं आपल्याला कोणी शिकवू नये, हा त्यांचा बाणा.

रात्री अकराला ते फ्रिज बंद करतात. सकाळी दूध नासलं की बोलणी मला बसतात. पंखा कायम पाचावर, कारण ‘कमी केला तरी बिल तेवढंच येतं’. मोबाइल पार मान टाकेपर्यंत चार्जिंगला लावत नाहीत, त्यामुळे बाजारात गेले की फोन बंद. रिमोटचे सेल गच्चीवर पापडांशेजारी वाळत घातलेले असतात. प्रदर्शनातून वीज वाचवणारं एक डबडं बाराशे रुपयांना आणलंय, ते दिवसरात्र सॉकेटमध्ये असतं. जुना कूलर विकायला ऑनलाइन टाकला तर ‘पैसे पाठवतोय, फक्त पिन टाका’ असा फोन आला. मी वेळेवर पोचले म्हणून वाचलो.

त्यात इस्त्रीची वरची जाड पिन तुटली आहे. यजमान वरच्या भोकात पेन खुपसून दोन पिनांवर चालवतात, त्यावरून अण्णांची आणि त्यांची जुंपते. मी पाणी शुद्ध करणाऱ्या मशीनवाल्याला बोलावलं. त्याने आमचं नळाचं पाणी चहासारखं तपकिरी करून दाखवलं. तेव्हापासून मला घोट घशाखाली उतरत नाही, अण्णा मात्र त्याला भामटा म्हणतात. नवा एसी घेतला तर आईंना काळजी, की आमची जुनी भिंत दीड टन वजन पेलेल का. थंडीत वारं येतं म्हणून अण्णा बाथरूमच्या खिडकीला पुठ्ठा लावतात, आत गॅस गीझर आहे. मागच्या डिसेंबरात अंघोळ करून येताना त्यांना घेरी आली होती, बीपी असेल.

मुलगा त्यांची नक्कल करतो, यजमान चिडतात. अण्णांना न दुखावता कसं समजावू? की वय झालं म्हणून सोडून देऊ?
– एक सून, मिरज

उत्तर

ताई, नमस्कार.

फ्रिज, पंखा, सेल, सगळी भांडणं तूर्त थांबवा. हे वाचून झालं की उठा आणि बाथरूमच्या खिडकीवरचा तो पुठ्ठा काढून टाका. तुमच्या लांबलचक पत्रात एका ओळीत उरकलेली ही गोष्ट वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

गॅस गीझर म्हणजे बाथरूममध्ये पेटवलेली मोठी शेगडी. तिला जळायला हवा लागते. खिडकी बंद, दार बंद, चार बाय सहाची जागा, त्यात पाण्याची वाफ. थोड्याच वेळात आतला प्राणवायू कमी पडायला लागतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत असतो, पण प्राणवायू शरीरात पोचत नसतो. डोकं जड होतं, घेरी येते, पाय लटपटतात, आणि कडी काढायला हात उचलायचं भान राहत नाही. महाराष्ट्रात थंडीच्या दिवसांत अशा बातम्या येतात, आणि त्यांत बहुतेकदा एकच वाक्य असतं: बराच वेळ झाला तरी बाहेर आले नाहीत म्हणून दार तोडलं.

या बाबतीतला सर्वांत घातक गैरसमज म्हणजे ‘गळती असती तर वास आला असता’. सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन नावाच्या द्रव्याचा, गळती कळावी म्हणून. कार्बन मोनॉक्साइड जळून तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. मागच्या डिसेंबरातली अण्णांची घेरी कशाची होती हे मी इथून सांगू शकत नाही. बीपी जरूर तपासून घ्या. पण डॉक्टरांना गॅस गीझरचं आणि बंद खिडकीचं आवर्जून सांगा, ते कोणी सांगत नाही म्हणून त्यांनाही सुचत नाही.

गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या गॅलरीत किंवा मागच्या अंगणाच्या भिंतीवर बसवून फक्त गरम पाण्याची नळी आत घेणं हा खरा उपाय. प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे. ते होईपर्यंत खिडकी उघडी ठेवून, दार सताड उघडं ठेवून बादल्या भरून घ्यायच्या, गीझर बंद करायचा, आणि मगच अंघोळीला जायचं. नुसता एक्झॉस्ट पंखा लावून भागत नाही. बाहेरची हवा आत यायला खालून वाट नसेल तर पंखा बिचारा ओढणार काय? आणि कधी कोणाला आत घेरी आलीच तर पाणी मारत बसू नका. दार उघडा, त्या माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा.

अण्णांना हे कसं पटवायचं? त्यांना वायूंचं शास्त्र सांगू नका. एवढंच विचारा, ‘अण्णा, डेपोत शेडची दारं लावून गाडीचं इंजिन चालू ठेवायचात का हो?’ एसटीचा मेकॅनिक या प्रश्नावर क्षणभर गप्प होईल आणि स्वतःच पुठ्ठा काढेल. बंद शेडमध्ये चालू इंजिन ठेवलं तर काय होतं हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्या धुरात असतो तोच हा वायू.

दुसरी तातडीची गोष्ट इस्त्रीची, आणि इथे अण्णा शंभर टक्के बरोबर आहेत. हे त्यांना सर्वांसमोर सांगा, आजच सांगा. प्लगची वरची जाड पिन इतर दोघींपेक्षा लांब असते. प्लग घालताना ती आधी टेकते आणि काढताना शेवटी सुटते, म्हणजे वीज येण्याआधी अर्थिंग जोडलेलं असतं. सॉकेटच्या खालच्या भोकांवर जे झाकण असतं, तेही तीच पिन उघडते. यजमान पेन खुपसून ते झाकण उघडतात, म्हणजे कारखान्याने दिलेलं कुलूप तोडून आत जातात. इस्त्री पत्र्याची. आतली वायर वितळून पत्र्याला लागली तर तो करंट अर्थिंगने जमिनीत जायला हवा. अर्थिंग नसेल तर तो वाट पाहत बसतो, आणि मग ओल्या हाताने इस्त्री धरणाऱ्या माणसातून जातो. नवा थ्री-पिन टॉप कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकवाल्याकडे किरकोळ पैशांत मिळतो. तो अण्णांना बसवायला सांगा, हिरवी वायर वरच्या पिनेला.

‘एमसीबी आहे ना, शॉक लागला तर पडेल’ असं यजमान म्हणतील. एमसीबी म्हणजे बोर्डवरचा आपोआप पडणारा स्विच, तो वायर जळू नये म्हणून असतो. सोळा अँपिअरची एमसीबी सोळाच्या वर गेल्यावर पडते, आणि माणसाचं हृदय बंद पाडायला एका अँपिअरचा दहावा हिस्साही पुरतो. माणसासाठी असतो तो आरसीसीबी नावाचा वेगळा स्विच, घराला लावायची तर ३० मिलिअँपिअरची. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत एवढा फरक पडला की ती डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडते. बोर्डवर ‘टी’ लिहिलेलं बारीक बटण दिसतं का बघा. दिसलं तर महिन्यातून एकदा ते दाबून वीज जाते का हे तपासायचं काम अण्णांकडे द्या. नसेल तर दिवाळीच्या रंगरंगोटीआधी हा खर्च करा.

आता श्वास घ्या. जिवाचं झालं, पुढचं सगळं पैशांचं आणि मनस्तापाचं.

अण्णांच्या समजुती चुकीच्या आहेत असं तुम्ही लिहिता. त्यांतल्या बऱ्याचशा एके काळी बरोबर होत्या. यंत्र बदललं आणि त्यांना ते कोणी सांगितलं नाही, एवढीच गोष्ट आहे. तुमच्या जुन्या घरातला पंख्याचा रेग्युलेटर आठवतोय का? काळा किंवा पांढरा, नारळाएवढा डबा, भिंतीतून पुढे आलेला. पंखा दोनवर ठेवला की तो डबा हाताला गरम लागायचा. पंख्याला जी वीज कमी मिळायची, तिचा बराचसा भाग त्या डब्यातल्या तारेत उष्णता होऊन जायचा. पंखा हळू झाला तरी बिलात फरक जाणवायचा नाही. तेव्हा अण्णा जे म्हणतात ते अनुभवाचेच बोल आहेत. आताचा रेग्युलेटर स्विचएवढा असतो, इलेक्ट्रॉनिक असतो, गरम होत नाही. त्यात पंखा कमी केला की वीज खरोखर कमी लागते.

मोबाइलचंही तेच. पहिल्या पिढीतल्या मोबाइलमध्ये, जुन्या कॉर्डलेस फोनमध्ये, चार्जिंगच्या बॅटऱ्यांमध्ये निकेलचे सेल असायचे. ते अर्धवट रिकामे असताना पुन्हा पुन्हा चार्ज केले तर त्यांची ताकद कमी व्हायची, म्हणून पार उतरवून मग भरा असं दुकानदारच सांगायचा. १९९१ पासून लिथियम-आयन बॅटऱ्या बाजारात आल्या आणि हळूहळू सगळ्या फोनमध्ये त्याच बसल्या. त्यांना नेमकं उलटं मानवतं. शून्यापर्यंत उतरवणं त्यांना त्रासाचं, वीस ते ऐंशी टक्क्यांच्या मध्ये ठेवणं सुखाचं. रात्रभर लावला तर फुटेल ही भीतीही सोडा. भरली की आतली सर्किट करंट थांबवते. या बॅटरीचा शत्रू उष्णता. चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली नको, गादीवर नको, दुचाकीच्या हँडलला भर उन्हात नको. चार्जर मात्र चांगला घ्या, रस्त्यावरचा पन्नास रुपयांचा नको.

सेल उन्हात ठेवण्यातही तथ्याचा अंश आहे. गरम झालेला सेल तात्पुरता थोडा जोर धरतो, म्हणून अण्णांचा रिमोट खरंच एक संध्याकाळ चालतो. पण त्यात नवी वीज भरत नाही, आणि तापून सेल फुटला तर आतला द्रव बाहेर येऊन रिमोटच्या स्प्रिंगा खातो. पापडांशेजारी तर मुळीच नको. हा द्रव पोटात जाता कामा नये.

फ्रिजचं मात्र कधीच खरं नव्हतं. रात्री फ्रिजला सर्वांत कमी काम असतं, दार उघडत नाही, हवा गार असते. वाचणारी वीज किरकोळ, आणि सकाळी सुरू केल्यावर तापलेला फ्रिज थंड करायला बरीचशी परत खर्च होते. दूध, उरलेली भाजी, इडलीचं पीठ यांना मधले सहा-सात तास ऊब मिळाली की जंतूंची चंगळ. फ्रिजच्या लेबलवर, ताऱ्यांच्या खाली, वर्षाला किती युनिट लागतात ते छापलेलं असतं. अण्णांना चष्मा लावून तो आकडा वाचायला सांगा आणि ३६५ ने भागायला सांगा. आजकालच्या बहुतेक घरगुती फ्रिजचं उत्तर दिवसाला एका युनिटच्या आत येतं. त्यातली रात्रीची बचत म्हणजे काही पैसे, आणि नासलेलं दूध किती रुपयांचं ते तुम्हाला माहीत आहे. जाता जाता सांगतो, आतल्या बटणावरचा आकडा तापमान दाखवत नाही. बहुतेक फ्रिजमध्ये आकडा वाढवला की गारवा वाढतो. उन्हाळ्यात ‘एकवर ठेवलाय, एकदम थंड’ म्हणणारी घरं मी पुष्कळ पाहिली.

आता माझा मुख्य सल्ला. अण्णांना समजावू नका, अण्णांना मोजायला द्या.

मी आयटीआयमध्ये मुलांना शिकवत आलो. हाताने काम केलेला माणूस शब्दांवर विश्वास ठेवत नाही, आणि ते योग्यच आहे. तो आकड्यावर ठेवतो, स्वतः घेतलेल्या आकड्यावर. तुमच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो ना, त्याच्या शेजारी एका युनिटला किती वेळा लुकलुकेल तो आकडा छापलेला असतो. पुष्कळ घरगुती मीटरवर तो ३२०० असतो. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट, म्हणजेच हजार वॅटचं यंत्र एक तास.

एखाद्या रविवारी दुपारी घरातलं सगळं बंद करा, फ्रिजही, तेवढ्याने काही होत नाही. फक्त पंखा पाचावर ठेवा. अण्णा मीटरसमोर खुर्ची टाकून, नातू शेजारी मोबाइलवर वेळ लावून. साधा छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे दहा मिनिटांत दिवा साधारण चाळीस वेळा लुकलुकेल. मग पंखा दोनवर आणून पुन्हा दहा मिनिटं मोजा. अण्णा स्वतःच वहीत आकडा लिहितील, आणि तो आकडा कमी असेल. कोणाला हरवायची गरज नाही. नवे, कमी वीज खाणाऱ्या मोटारीचे बीएलडीसी पंखे तीसेक वॅटवर चालतात, तोही हिशेब त्याच वहीत होईल आणि पंखे बदलायचा निर्णय अण्णाच घेतील, बघा.

मग त्या बाराशेच्या डबड्याची पाळी. नवी पिन बसवलेली इस्त्री लावा. हजार वॅटची असेल तर तिचा दिवा पेटलेला असताना मीटर मिनिटाला त्रेपन्नच्या आसपास लुकलुकेल, साडेसातशेची असेल तर चाळीस. डबडं लावून मोजा, काढून मोजा. आकडा हलणार नाही. अशा डबड्यात बहुतेकदा एक बारीक कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा भाग, आणि एक-दोन दिवे असतात. कारखान्यांच्या मोठ्या मोटारींसाठी योग्य मापाचे कपॅसिटर उपयोगी पडतात, अण्णांनी वर्कशॉपमध्ये पाहिलेही असतील, आणि विक्रेता नेमकी तीच ओळख वापरतो. पण घरगुती बिल युनिटवर येतं आणि युनिट त्या कपॅसिटरने कमी होत नाही. फक्त अण्णांना ते डबडं उघडू देऊ नका, कपॅसिटरमध्ये करंट साठून राहतो. मोबाइलच्या पाठीला चिकटवायची ‘रेडिएशन थांबवणारी’ चकती कोणी विकायला आणली तर तीही याच जातीची. तिने खरंच लहरी अडवल्या असत्या तर फोनला रेंजच मिळाली नसती.

पाण्याचं यंत्र विकणाऱ्याला अण्णा भामटा म्हणाले, तिथेही अण्णाच बरोबर. त्याने काय केलं ते नीट आठवा. दोन ग्लास घेतले, एकात तुमचं नळाचं पाणी, एकात त्याच्या यंत्राचं. चार कांड्यांचं एक उपकरण दोन्ही ग्लासांत बुडवून वीज चालू केली. नळाचं पाणी आधी पिवळं, मग तपकिरी, वर फेस, खाली गाळ. यंत्राचं पाणी जवळपास तसंच राहिलं. तो म्हणाला असेल, ‘बघा मॅडम, हे तुम्ही रोज पिता.’

त्या कांड्यांपैकी दोन लोखंडाच्या असतात. पाण्यात नैसर्गिक क्षार असले की त्यातून वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. तपकिरी रंग त्याच्या कांडीतला आहे, तुमच्या नळातला नाही. त्याच्या यंत्राच्या, म्हणजे आरओच्या, पाण्यात क्षार जवळपास नसतात, वीज वाहत नाही, म्हणून ते तसंच राहतं. तो पुन्हा आला तर त्याला म्हणा, तुझ्याच शुद्ध पाण्यात स्वयंपाकघरातलं चिमूटभर मीठ टाक आणि परत कांड्या बुडव. पाणी डोळ्यांदेखत तपकिरी होईल, कदाचित नळाच्या पाण्याहूनही जास्त. त्यात बोट घालू नका, आणि ते पाणी मोरीत ओता.

त्याच्याकडे टीडीएस मोजायचं पेनासारखं यंत्रही असेल. ते फक्त विरघळलेले क्षार मोजतं. जंतू त्याला दिसत नाहीत. आकडा कमी असलेलं पाणी दूषित असू शकतं आणि आकडा तीनशे असलेलं पाणी उत्तम असू शकतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चालतात. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तर जिथे क्षार ५०० च्या आत आहेत तिथे आरओ यंत्रांवर बंदी आणा असं पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं, कारण एक लिटर गाळताना ही यंत्रं दोन-तीन लिटर पाणी गटारात सोडतात. तुमच्याकडे महापालिकेचं पाणी येत असेल तर एकदा पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना द्या. अहवाल ठीक आला तर साधा फिल्टर किंवा उकळलेलं पाणी पुरेल. बोअरचं पाणी असेल तर आरओचा विचार करा, तोही अहवाल हातात आल्यावर.

एसीचं थोडक्यात सांगतो. आईंना सांगा, भिंतीला काही होणार नाही. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी काढायची ताकद म्हणजे एक टन. खोलीतल्या भिंतीवरचा डबा साधारण दहा-बारा किलोचा. यजमानांना सांगा, इन्व्हर्टर एसी म्हणजे लाइट गेल्यावर चालणारा एसी नव्हे. त्याचा कॉम्प्रेसर गरजेनुसार वेग कमी-जास्त करतो म्हणून वीज वाचते, एवढंच. घरच्या इन्व्हर्टरला तो जोडायला जाऊ नका. आणि सोळावर ठेवला की खोली लवकर गार होते असं मुलाला वाटत असेल, तर सोळा हा वेगाचा आकडा नाही. कुठे थांबायचं ते तो सांगतो. जुन्या साध्या एसीचा कॉम्प्रेसर चोवीसलाही तेवढ्याच जोराने फिरतो. २०२० पासून तारांकित एसी सुरू करताच चोवीसवरच येतात, ते वीज वाचावी म्हणून, आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबाने एक अंश वाढवला की सहा टक्के वीज वाचते. एसीतून गळणारं पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालू नका, त्यात धूळ आणि धातू उतरलेले असतात. आरओचंही नको. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणा.

नक्कल करणाऱ्या चिरंजिवांनाही विचारा, की भिजलेला फोन तांदळात ठेवतात का? तो ‘हो’ म्हणेल. तांदूळ बंद फोनच्या आतलं पाणी ओढू शकत नाही, उलट त्याची पिठी चार्जिंगच्या भोकात जाते. २०२४ मध्ये ॲपलनेही तांदळात फोन ठेवू नका असं आपल्या सूचनांत लिहिलं. फोन बंद करायचा, भोक खाली करून हलकेच झटकायचा आणि पंख्याच्या वाऱ्यात ठेवायचा. दर दहा मिनिटांनी सगळी ॲप वर सरकवून बंद केल्याने बॅटरी वाचते, हाही त्याचाच समज असणार. पुन्हा उघडताना ती जास्त वीज खातात. आजोबांना हसण्याआधी त्यालाही वहीत आकडे लिहायला बसवा. पाहुण्यांसमोर अण्णांची चूक काढायची नाही, एवढा नियम मात्र घरात सर्वांनी पाळा. चारचौघांत दुखावलेला माणूस बरोबर गोष्टही ऐकत नाही.

शेवटी त्या कूलरच्या फोनबद्दल, कारण इथे मोजायला वेळ मिळत नाही. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झालं तेव्हापासून एक गोष्ट बदललेली नाही: पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला लागत नाही. ‘पैसे मिळवण्यासाठी’ पिन टाका किंवा क्यूआर स्कॅन करा असं सांगणारा माणूस, तो स्वतःला फौजी म्हणवो की बँकेचा साहेब, तुमच्या खात्यातून काढायला बसलेला असतो. ‘आज रात्री तुमची वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा’ हा मेसेज, व्हॉट्सॲपवर फाइल म्हणून आलेली लग्नपत्रिका, व्हिडिओ कॉलवर गणवेशात बसून ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे’ म्हणणारा माणूस, सगळे एकाच पंथातले. भारतीय कायद्यात अशी अटकच नाही. पत्रिकेच्या नावाखाली आलेली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, उघडू नका, ज्यांचं लग्न आहे त्यांना फोन करून तारीख विचारा.

पैसे गेलेच तर पहिल्या तासाभरात सायबर हेल्पलाइनच्या १९३० या क्रमांकावर फोन करायचा आणि बँकेला कळवायचं. जितकं लवकर, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. अण्णांना हे सांगताना एक वाक्य नक्की जोडा: असं झालं तर आधी आम्हाला सांगा, कोणी एक शब्द बोलणार नाही. फसलेली वडीलधारी माणसं लाजेपोटी दोन-दोन दिवस गप्प बसतात आणि तेवढ्यात पैसे दहा खाती फिरून गेलेले असतात. आणि कूलर अजून पडून असेल, तर समोर येऊन, चालवून बघून, रोख मोजून देणाऱ्यालाच द्या.